डच भाषेतील शब्दक्रम, क्रियाविशेषणे आणि अप्रत्यक्ष कथन

डच भाषेतील शब्दक्रम, क्रियाविशेषणे आणि अप्रत्यक्ष कथन हे त्या भाषेच्या वाक्यविचारातील परस्परांशी निगडित असे तीन विषय आहेत. डच ही इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या पश्चिम जर्मेनिक शाखेतील भाषा असून नेदरलँड्स, बेल्जियम आणि सुरिनाम या देशांत, तसेच अरुबा, क्युरासाओ व सिंट मार्टेन येथे ती अधिकृत भाषा आहे. डच वाक्यात क्रियापदाचे स्थान वाक्याच्या प्रकारानुसार बदलते. क्रियाविशेषण वाक्यारंभी आले की कर्ता क्रियापदाच्या मागे सरकतो आणि एखाद्याचे बोलणे अप्रत्यक्षपणे सांगू लागताच क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते. त्यामुळे या तिन्ही विषयांचा अभ्यास एकत्र करणे सोयीचे ठरते.

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. डच गौण वाक्यातही ते अखेरीस येते. या साम्यामुळे डच शब्दक्रमाचा अर्धा भाग मराठी भाषकाला ओळखीचा वाटतो. अप्रत्यक्ष कथनाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांच्या प्रकृती भिन्न आहेत आणि तेथे केलेल्या चुकीने वाक्याचा अर्थच बदलू शकतो.

लिप्यंतराविषयी

या लेखातील डच उदाहरणे उच्चाराच्या शक्य तितक्या जवळ जातील अशा रीतीने देवनागरीत दिली आहेत. उदाहरणांतील ‘ख’ हा फारसीतून आलेल्या ‘खबर’ या शब्दाच्या मूळ उच्चारासारखा घर्षक वर्ण समजावा. ‘झ’ हा ‘झाड’ या शब्दातील दंत्य ‘झ’च्या जवळचा आहे. ‘ती’ या अर्थाचे सर्वनाम आणि ‘म्हणाला’ या अर्थाचे क्रियापद यांचा डच उच्चार एकसारखाच, म्हणजे ‘झेइ’ असा होतो. घोटाळा टाळण्यासाठी येथे सर्वनामाचे ‘झे’ हे लघुरूप वापरले असून ‘झेइ’ हे रूप क्रियापदासाठी राखून ठेवले आहे.

शब्दक्रमाची मूलतत्त्वे

क्रियापदाचे द्वितीय स्थान

काळ आणि पुरुष यांनुसार रूप घेणाऱ्या क्रियापदाला या लेखात ‘आख्यात क्रियापद’ म्हटले आहे. विधानार्थी मुख्य वाक्यात हे क्रियापद नेहमी दुसऱ्या स्थानी येते. दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे, तर वाक्याचा दुसरा घटक होय. पहिल्या स्थानी कर्ता, कर्म, क्रियाविशेषण किंवा संपूर्ण गौण वाक्यही येऊ शकते, परंतु त्या स्थानी एकच घटक मावतो.

• इक खा मॉर्खन नार स्खोल. (मी उद्या शाळेत जाईन.)
• मॉर्खन खा इक नार स्खोल. (उद्या मी शाळेत जाईन.)
• आल्स हेट रेखन्ट, ब्लेइफ इक टाउस. (पाऊस पडला तर मी घरी राहतो.)

दुसऱ्या उदाहरणात ‘मॉर्खन’ (उद्या) या क्रियाविशेषणाने पहिले स्थान व्यापल्यामुळे ‘इक’ (मी) हा कर्ता क्रियापदानंतर गेला आहे. तिसऱ्या उदाहरणात स्वल्पविरामापूर्वीचे संपूर्ण गौण वाक्य हाच पहिला घटक आहे, म्हणून त्यानंतर लगेच ‘ब्लेइफ’ हे क्रियापद येते. कर्ता आणि क्रियापद यांच्या या अदलाबदलीला व्युत्क्रम म्हणतात.

‘एन’ (आणि), ‘मार’ (पण), ‘वान्ट’ (कारण) आणि ‘ऑफ’ (किंवा) ही समानत्वदर्शक उभयान्वयी अव्यये घटकांच्या मोजणीत धरली जात नाहीत. त्यांच्यानंतर पहिले स्थान मोकळेच राहते आणि सामान्य क्रम चालू होतो. ‘डस’ (म्हणून) हा शब्द दोन्ही प्रकारे वागतो. त्याला उभयान्वयी मानल्यास ‘डस इक खा’ आणि क्रियाविशेषण मानल्यास ‘डस खा इक’ अशी रचना होते. होय-नाही प्रकारच्या प्रश्नात आणि आज्ञार्थात मात्र क्रियापद पहिल्या स्थानी येते: ‘खाट हेइ नार स्खोल?’ (तो शाळेत जातो का?)

पक्कड-रचना

वाक्यात एकाहून अधिक क्रियापदे असल्यास आख्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी राहते आणि उरलेली क्रियारूपे वाक्याच्या शेवटी जातात. ‘इक हेप खिस्टरन अन बूक खलेझन’ (मी काल एक पुस्तक वाचले आहे) या वाक्यात ‘हेप’ हे साहाय्यक क्रियापद दुसऱ्या स्थानी, तर ‘खलेझन’ हे धातुसाधित अखेरीस आहे. बाकीचा मजकूर या दोहोंच्या मध्ये सापडतो. डच व्याकरणकार या रचनेसाठी ‘टांग’ हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ पक्कड किंवा चिमटा असा आहे. १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९९७ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत विस्तारलेल्या ‘आल्खमेने नेडरलान्टसे स्प्राककन्स्ट’ या प्रमाणभूत व्याकरणग्रंथात क्रियापदांच्या या दोन जागांना वाक्याचे दोन ध्रुव मानून शब्दक्रमाचे विवेचन केले आहे.

विभाज्य क्रियापदांनाही हाच नियम लागू पडतो. ‘ऑपबेलन’ म्हणजे दूरध्वनी करणे. मुख्य वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात: ‘इक बेल ये मॉर्खन ऑप’ (मी तुला उद्या दूरध्वनी करीन). क्रियापदाचा अर्थ पूर्ण करणारा उपसर्ग वाक्याच्या अगदी शेवटी येत असल्यामुळे वाक्य संपेपर्यंत क्रिया कोणती हे निश्चित होत नाही. मराठी वाचकाला वाक्याच्या शेवटपर्यंत थांबण्याची सवय असतेच. डचमध्ये ती दुसऱ्या कारणाने उपयोगी पडते.

गौण वाक्यातील क्रम

‘डाट’ (की), ‘ऑमडाट’ (कारण), ‘आल्स’ (जर, जेव्हा), ‘टर्वेइल’ (असताना), ‘होवेल’ (जरी) यांसारख्या गौणत्वदर्शक उभयान्वयी अव्ययांनी सुरू होणाऱ्या वाक्यात सर्व क्रियापदे अखेरीस जातात. पुढील दोन वाक्यांचा अर्थ जवळजवळ एकच आहे, पण क्रम भिन्न आहे.

• इक कॉम नीट, वान्ट इक बेन झीक. (मी येत नाही, कारण मी आजारी आहे.)
• इक कॉम नीट, ऑमडाट इक झीक बेन. (मी आजारी असल्यामुळे येत नाही.)

‘वान्ट’ने जोडलेले वाक्य स्वतंत्र असल्याने त्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी आहे. ‘ऑमडाट’ने जोडलेले वाक्य गौण असल्याने त्यात ते शेवटी गेले आहे. विभाज्य क्रियापदाचे तुकडेही गौण वाक्यात पुन्हा जोडले जातात: ‘डाट इक ये मॉर्खन ऑपबेल’ (की मी तुला उद्या दूरध्वनी करीन).

गौण वाक्यातील क्रम हाच डच भाषेचा मूळ क्रम असून मुख्य वाक्यातील द्वितीय स्थान हे आख्यात क्रियापदाच्या स्थलांतराने साधलेले असते, असे मत यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडले. या मतानुसार कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद या मूलभूत क्रमात डच भाषा मराठीच्या पंक्तीत बसते.

क्रियापदांचा समूह

गौण वाक्याच्या अखेरीस साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित एकत्र आल्यास दोन क्रम संभवतात: ‘डाट हेइ हेट बूक हेफ्ट खलेझन’ आणि ‘डाट हेइ हेट बूक खलेझन हेफ्ट’ (की त्याने ते पुस्तक वाचले आहे). साहाय्यक क्रियापद आधी येणाऱ्या क्रमाला ‘लाल क्रम’ आणि धातुसाधित आधी येणाऱ्या क्रमाला ‘हिरवा क्रम’ म्हणतात. ही नावे बोलींच्या नकाशांवर वापरलेल्या रंगांवरून रूढ झाली. दोन्ही क्रम शुद्ध आहेत. मराठी भाषकाला दुसरा क्रम अधिक स्वाभाविक वाटतो, कारण मराठीतही ‘वाचले आहे’ असेच म्हणतात.

दोनपेक्षा अधिक नामे आणि क्रियापदे एकत्र आल्यावर डच भाषेचे एक वैशिष्ट्य प्रकट होते. ‘ऑमडाट इक हेम डे किंडरन झाख हेल्पन’ (कारण मी त्याला मुलांना मदत करताना पाहिले) या वाक्यात ‘झाख’ (पाहिले) हे क्रियापद ‘हेल्पन’ (मदत करणे) याच्या आधी येते. ‘त्याला’चा संबंध पहिल्या क्रियापदाशी आणि ‘मुलांना’चा संबंध दुसऱ्या क्रियापदाशी असल्याने संबंधरेषा काढल्यास त्या एकमेकींना छेदतात. मराठीत आणि जर्मनमध्ये मात्र ‘मुलांना मदत करताना’ हा भाग ‘त्याला पाहिले’ याच्या पोटात बसतो. डचमधील या छेदक रचनेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारिक भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले.

क्रियाविशेषणे

रूप

डचमध्ये बहुतेक विशेषणे कोणताही प्रत्यय न लावता रीतिवाचक क्रियाविशेषण म्हणून वापरता येतात. ‘मोइ’ म्हणजे सुंदर. ‘अन मोये स्टेम’ (सुंदर आवाज) येथे विशेषणाला ‘ए’ हा प्रत्यय लागला आहे, पण ‘झे झिंग्ट मोइ’ (ती सुंदर गाते) येथे शब्दाचे मूळ रूप तसेच राहिले आहे. क्रियाविशेषण घडवण्यासाठी इंग्रजीत जसा बहुधा वेगळा प्रत्यय लागतो, तसा डचमध्ये लागत नाही.

मूळची क्रियाविशेषणे अर्थानुसार पुढील गटांत मोडतात:

• कालवाचक: न्यू (आता), टून (तेव्हा), वान्डाख (आज), खिस्टरन (काल), मॉर्खन (उद्या)
• वारंवारतादर्शक: आल्टेइट (नेहमी), फाक (अनेकदा), सॉम्स (कधीकधी), नोइट (कधीच नाही)
• स्थलवाचक: हीर (येथे), डार (तेथे), टाउस (घरी)
• परिमाणवाचक: हेल (फार), एर्ख (अतिशय), बेइना (जवळजवळ)
• वाक्याविषयी अभिप्राय देणारी: मिस्खीन (कदाचित), हेलास (दुर्दैवाने)

मराठीत ‘परवा’ हा एकच शब्द काल आणि उद्या या दोहोंच्या पलीकडच्या दिवसासाठी चालतो व अर्थ क्रियापदाच्या काळावरून समजतो. डचमध्ये त्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत: होऊन गेलेल्या परवासाठी ‘एरखिस्टरन’ आणि येणाऱ्या परवासाठी ‘ओव्हरमॉर्खन’. ‘मॉर्खन’ या शब्दाला ‘उद्या’प्रमाणेच ‘सकाळ’ असाही अर्थ आहे. म्हणूनच ‘उद्या सकाळी’ या अर्थाने त्याच शब्दाची पुनरुक्ती न करता ‘मॉर्खनऑख्टन्ट’ असे म्हणतात.

क्रियाविशेषणांचा परस्परक्रम

एका वाक्यात अनेक क्रियाविशेषणे आल्यास त्यांचा सर्वसाधारण क्रम काल, रीती व स्थल असा असतो. ‘इक खा मॉर्खन मेट डे ट्रेइन नार आम्स्टरडाम’ (मी उद्या आगगाडीने अ‍ॅमस्टरडॅमला जाईन) या वाक्यात आधी केव्हा, मग कसे आणि शेवटी कोठे हे सांगितले आहे. मराठी वाक्यातही हाच क्रम आहे. इंग्रजीत स्थळ आधी आणि काळ नंतर येतो. त्यामुळे इंग्रजीच्या आधाराने डच शिकणारा विद्यार्थी येथे अडखळतो. मराठीच्या आधाराने शिकणाऱ्यास ही अडचण येत नाही.

कर्म आणि क्रियाविशेषण यांचा क्रम कर्म निश्चित आहे की अनिश्चित यावर अवलंबून असतो.

• इक लेस हेट बूक मॉर्खन. (मी ते पुस्तक उद्या वाचीन.)
• इक लेस मॉर्खन अन बूक. (मी उद्या एक पुस्तक वाचीन.)

श्रोत्याला ठाऊक असलेली वस्तू आधी आणि नवी माहिती नंतर, असे यामागील तत्त्व आहे. आघातरहित सर्वनामे तर सर्व क्रियाविशेषणांच्या आधी, क्रियापद आणि कर्ता यांच्या निकट येतात: ‘मॉर्खन खेफ इक हेट हेम’ (उद्या मी ते त्याला देईन).

नकार

‘नीट’ हे डच भाषेतील नकारवाचक क्रियाविशेषण आहे. मराठीतील ‘नीट’ या शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे आहे. निश्चित कर्म आणि कालवाचक क्रियाविशेषण यांच्यानंतर, पण विधेयविशेषण, रीतिवाचक क्रियाविशेषण किंवा दिशादर्शक पदसमूह यांच्या आधी ते येते.

• इक लेस हेट बूक नीट. (मी ते पुस्तक वाचत नाही.)
• इक कॉम वान्डाख नीट. (मी आज येत नाही.)
• हेइ इस नीट झीक. (तो आजारी नाही.)
• इक खा नीट नार स्खोल. (मी शाळेत जात नाही.)

अनिश्चित नामाचा निषेध करायचा असल्यास ‘नीट’ऐवजी ‘खेन’ वापरतात: ‘इक लेस खेन बूक’ (मी कोणतेही पुस्तक वाचत नाही). नकाराला विरोध करून होकार ठासून सांगण्यासाठी ‘वेल’ हे क्रियाविशेषण येते. ‘इक हेप हेट वेल खडान’ या वाक्याचा भाव ‘मी ते केलेच आहे’ असा होतो. मराठीत ‘च’ या अव्ययाने जे साधते त्याचा एक भाग डचमध्ये ‘वेल’ पार पाडते.

‘एर’ या शब्दाचे उपयोग

‘एर’ हा आघातरहित लघुशब्द असून त्याचे प्रमुख उपयोग चार आहेत. पहिला अस्तित्वदर्शक: ‘एर स्टाट अन मान वोर डे ड्यूर’ (दारासमोर एक माणूस उभा आहे). दुसरा स्थलवाचक: ‘इक वोन एर’ (मी तेथे राहतो). तिसरा संख्यादर्शक: ‘इक हेप एर ड्री’ (माझ्याकडे त्यांतील तीन आहेत). चौथा शब्दयोगी अव्ययाशी संयोग पावणारा: ‘इक डेन्क एर फाक आन’ (मी त्याचा अनेकदा विचार करतो). चौथ्या उपयोगात ‘एर’ आणि ‘आन’ यांच्या मध्ये ‘फाक’ (अनेकदा) हे क्रियाविशेषण शिरले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत या शब्दाला एकच असा प्रतिशब्द नाही, म्हणून प्रत्येक उपयोग स्वतंत्रपणे आत्मसात करावा लागतो.

भावदर्शक अव्यये

‘मार’, ‘एव्हन’, ‘एन्स’, ‘टॉख’ यांसारखे लघुशब्द वाक्याचा मूळ अर्थ न बदलता बोलण्याचा सूर बदलतात. ‘कॉम हीर’ (इकडे ये) ही सरळ आज्ञा आहे. ‘कॉम एव्हन हीर’ म्हणजे ‘जरा इकडे ये’ आणि ‘कॉम मार हीर’ म्हणजे ‘ये की इकडे’. ‘डाट इस टॉख मोइ’ यातील ‘टॉख’ हा ‘सुंदर आहे ना?’ यातील ‘ना’च्या जवळ जातो. मराठीतील ‘ना’, ‘की’, ‘जरा’, ‘बरे’ या शब्दांची जाण असलेल्यास डच भावदर्शक अव्ययांची कल्पना लवकर येते. ती गाळल्यास वाक्य अशुद्ध होत नाही, पण रुक्ष आणि प्रसंगी उद्धट वाटते.

कथनाचे प्रकार

प्रत्यक्ष कथन

प्रत्यक्ष कथनात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत देतात: ‘हेइ झेइ: “इक बेन झीक”’ (तो म्हणाला, “मी आजारी आहे”). अवतरण आधी आल्यास तेच वाक्याचा पहिला घटक ठरते आणि म्हणून त्यानंतर व्युत्क्रम होतो: ‘“इक बेन झीक”, झेइ हेइ’. द्वितीय स्थानाचा नियम अवतरणालाही लागू होतो, याचे हे उदाहरण होय.

अप्रत्यक्ष कथन: पुरुष

अप्रत्यक्ष कथनात विधान ‘डाट’ या अव्ययाने जोडले जाते, वाक्य गौण बनते आणि क्रियापद अखेरीस जाते: ‘हेइ झेइ डाट हेइ झीक वास’ (तो आजारी असल्याचे त्याने सांगितले). इंग्रजीत ‘की’ या अर्थाचा शब्द अनेकदा गाळला जातो. प्रमाण डचमध्ये ‘डाट’ सामान्यतः गाळत नाहीत.

मराठी आणि डच यांतील सर्वांत महत्त्वाचा भेद सर्वनामांचा आहे. मराठीत ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ या वाक्यातील ‘मी’ बहुधा ‘तो’ याच व्यक्तीचा वाचक असतो. ‘की’ असूनही मूळ बोलण्यातील पुरुष तसाच राहतो. डचमध्ये असे होत नाही. ‘हेइ झेइ डाट इक झीक बेन’ या वाक्यातील ‘इक’ म्हणजे हे वाक्य उच्चारणारी व्यक्तीच. वैद्यांसमोर किंवा सरकारी कचेरीत एखादी मराठी स्त्री आपल्या पतीचे म्हणणे मराठी वळणाने सांगू लागली, तर आजारी पती आहे की ती स्वतः, याविषयी ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. शब्दक्रमातील चूक सहज लक्षात येते, परंतु पुरुषातील ही चूक लपून राहते.

काळ

कथन करणारे क्रियापद भूतकाळी असल्यास कथित वाक्यातील काळही बहुधा एक पायरी मागे जातो.

• ‘इक बेन झीक’ (मी आजारी आहे) याचे ‘…डाट हेइ झीक वास’ होते.
• ‘इक हेप हेट बूक खलेझन’ (मी ते पुस्तक वाचले आहे) याचे ‘…डाट हेइ हेट बूक हाट खलेझन’ होते.
• ‘इक झाल कोमन’ (मी येईन) याचे ‘…डाट हेइ झाउ कोमन’ होते.

हा बदल अटळ नाही. सांगितलेली गोष्ट अद्यापही खरी असल्यास वर्तमानकाळ कायम ठेवता येतो. ‘हेइ झेइ डाट हेइ झीक इस’ या वाक्यातून तो अजूनही आजारी असल्याचे सूचित होते. मराठीत काळ सहसा बदलत नाही, त्यामुळे डच ऐकताना ‘वास’ या भूतकाळी रूपावरून ‘तो आता बरा झाला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. तेथील भूतकाळ केवळ कथनाचा परिणाम असू शकतो.

काल आणि स्थलवाचक क्रियाविशेषणे

कथनाची वेळ आणि जागा बदलल्यास क्रियाविशेषणेही बदलतात. ‘न्यू’ (आता) याचे ‘टून’ (तेव्हा), ‘हीर’ (येथे) याचे ‘डार’ (तेथे), ‘मॉर्खन’ (उद्या) याचे ‘डे वॉल्खन्डे डाख’ (दुसऱ्या दिवशी) आणि ‘खिस्टरन’ (काल) याचे ‘डे डाख एरवोर’ (आदल्या दिवशी) होते. हा बदल यांत्रिकपणे करावयाचा नसतो. ज्या दिवशी बोलणे झाले त्याच दिवशी ते सांगितल्यास ‘उद्या’ हा ‘उद्या’च राहतो.

प्रश्न आणि आज्ञा

होय-नाही प्रकारचा प्रश्न अप्रत्यक्ष करताना ‘ऑफ’ हे अव्यय येते: ‘हेइ व्रूख ऑफ इक क्वाम’ (मी येणार का, असे त्याने विचारले). ‘ऑफ’चा दुसरा अर्थ ‘किंवा’ असा आहे. अर्थ शब्दक्रमावरून ओळखावा लागतो, कारण प्रश्नवाचक ‘ऑफ’नंतर क्रियापद शेवटी जाते. प्रश्नार्थक शब्दाने सुरू होणाऱ्या प्रश्नात तोच शब्द जोडणीचे काम करतो: ‘हेइ व्रूख वार इक वोन्डे’ (मी कोठे राहतो, असे त्याने विचारले). मराठीत ‘त्याने विचारले की मी कोठे राहतो’ असेही म्हणता येत असल्याने ‘डाट वार’ अशी दुहेरी जोडणी करण्याकडे कल होतो. ती अशुद्ध आहे.

आज्ञा सांगताना एक तर ‘मूटन’ (लागणे, पाहिजे) या क्रियापदाचे साहाय्य घेतात किंवा भाववाचक क्रियारूप वापरतात. ‘हेइ झेइ डाट इक मूस्ट वाख्टन’ (मी थांबावे, असे त्याने सांगितले) हे पहिल्या प्रकारचे, तर ‘झे व्रूख मे टे वाख्टन’ (तिने मला थांबण्याची विनंती केली) हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

ऐकीव माहिती

मराठीत ऐकीव माहिती देताना ‘म्हणे’ हा शब्द जोडतात. ‘मंत्री आजारी आहेत म्हणे’ या वाक्यात बोलणारा माहितीची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही. डचमध्ये हेच कार्य ‘झाउ’ या क्रियारूपाने साधते: ‘डे मिनिस्टर झाउ झीक झेइन’. येथे कथन करणाऱ्याचा उल्लेख नाही, ‘डाट’ नाही, तरीही वाक्य दुसऱ्याच्या सांगण्यावर आधारलेले आहे. ‘स्खेइनन’ हे क्रियापदही याच अर्थाने येते: ‘हेइ स्खेइन्ट झीक टे झेइन’ (तो आजारी आहे म्हणे). माहितीचा स्रोत सांगायचा असल्यास ‘वॉल्खन्स’ (च्या मते) हा शब्द वापरतात: ‘वॉल्खन्स हार इस हेइ झीक’ (तिच्या मते तो आजारी आहे).

वृत्तपत्रीय भाषेत ‘झाउ’ला विशेष महत्त्व आहे. ‘डे मान झाउ हेट खेल्ट हेबन खस्टोलन’ या वाक्याचा अर्थ ‘त्या माणसाने पैसे चोरले, असे सांगितले जाते’ असा आहे. ‘झाउ’कडे दुर्लक्ष करून ‘त्या माणसाने पैसे चोरले’ असे भाषांतर केल्यास केवळ आरोप असलेली गोष्ट सिद्ध ठरते. भाषांतरकार आणि वार्ताहर यांना या एका शब्दाचे भान असणे आवश्यक आहे.

मुक्त अप्रत्यक्ष कथन

कथा-कादंबऱ्यांत पात्राचे विचार ‘डाट’ न वापरता निवेदनातच मिसळून दिले जातात. अशा वाक्यात पुरुष तृतीय आणि काळ भूत असतो, परंतु शब्दक्रम मुख्य वाक्याचा आणि क्रियाविशेषणे पात्राच्या दृष्टीची असतात: ‘हेइ केक ऑप डे क्लॉक. मॉर्खन मूस्ट हेइ वेर वेख.’ (त्याने घड्याळाकडे पाहिले. उद्या त्याला पुन्हा जायचे होते.) भूतकाळी क्रियापदासोबत आलेला ‘उद्या’ हा निवेदकाचा नसून पात्राचा असतो, हे ओळखले की असे उतारे सुबोध होतात.

मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या विशेष अडचणी

वरील विवेचनावरून मराठी भाषकाच्या अडचणी दोन प्रकारच्या असल्याचे दिसते. पहिला प्रकार इंग्रजीच्या प्रभावाचा आहे. भारतातील बहुतेक विद्यार्थी डचकडे इंग्रजीच्या मार्गाने वळतात आणि ‘मॉर्खन इक खा’ असा इंग्रजी वळणाचा क्रम वापरतात. शुद्ध क्रम ‘मॉर्खन खा इक’ असा आहे. दुसरा प्रकार मराठीच्या प्रभावाचा आहे. मुख्य वाक्यातही क्रियापद शेवटी ठेवून ‘इक मॉर्खन नार स्खोल खा’ असे म्हणणे किंवा अप्रत्यक्ष कथनात मूळ पुरुष कायम ठेवणे ही त्याची उदाहरणे होत.

वाक्य मुख्य आहे की गौण हे आधी ठरवणे, मुख्य असल्यास आख्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी ठेवणे आणि गौण असल्यास मराठीप्रमाणे सर्व क्रियापदे अखेरीस नेणे, असा क्रम अंगवळणी पाडल्यास पुष्कळशा चुका टळतात. अप्रत्यक्ष कथनात मात्र ‘हा “मी” कोण?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

व्यावहारिक महत्त्व

नेदरलँड्समध्ये स्थायिक होणाऱ्या अनेक परदेशी नागरिकांना ‘इनबर्खरिंग’ म्हणजे नागरी एकात्मीकरणाची परीक्षा द्यावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने या परीक्षेसाठी अपेक्षित भाषापातळी युरोपीय मापदंडातील ‘ए२’ वरून सर्वसाधारणपणे ‘बी१’ वर नेली. ‘एनटी२’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यपरीक्षेचा पहिला कार्यक्रम ‘बी१’ आणि दुसरा कार्यक्रम ‘बी२’ पातळीचा असून उच्च शिक्षणासाठी दुसरा उपयोगी ठरतो. ‘ए२’ पातळीवर साध्या वाक्यांनी काम भागते. ‘बी१’ पातळीवर कारणे देणे, मत मांडणे आणि इतरांचे म्हणणे सांगणे अपेक्षित असते. ही तिन्ही कामे गौण वाक्यांवाचून होत नाहीत. त्यामुळे ‘डाट’, ‘ऑमडाट’ आणि ‘ऑफ’ यांच्यानंतरचा शब्दक्रम हा या पातळीवरील अभ्यासाचा एक मुख्य भाग ठरतो.